ड्रिल मशीनवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी ड्रिल मशीन आहे आणि माझ्या डोक्यावर बारा वर्षं एक आळ होता. पुण्यामुंबईकडची मंडळी मला 'ते मशीन' म्हणतात. इथे भोपाळात हिंदीच्या शेजारामुळे मी 'ती' झाले आणि मला ते मानवलं. तेव्हा मी 'ती'च राहणार. कोणाला खटकत असेल तर त्याने डोळे मिटून पुढे वाचावं.

आळ कसला होता, ते सांगणारच आहे. पण आधी ओळख करून द्यायला हवी, कारण हल्लीच्या मुलांना ड्रिल म्हटलं की हातात मावणारं, पिस्तुलासारखं खेळणं आठवतं. मी तशी नाही. माझी उंची पाच फूट आहे. खाली जड लोखंडी पाया, त्यावर गोल खांब, खांबावर वरखाली होणारं टेबल आणि सगळ्यात वर मोटर असलेलं माझं डोकं. डोक्याखाली तीन दातांचा चक आहे. त्यात बिट, म्हणजे भोक पाडायचं टोकदार पातं, घट्ट पकडून ठेवतात. उजव्या बाजूला एक दांडी आहे. ती ओढली की फिरतं बिट खाली येतं आणि लोखंडाला भोक पडतं. आयुष्यभर मी भोकंच पाडली. ऐकायला हे काम काही भारी वाटत नाही, मला कल्पना आहे. पण भोक नसेल तर बोल्ट घालणार कुठे, आणि बोल्ट नसेल तर तुमच्या डोक्यावरचा पंखा राहणार कशावर?

माझा जन्म राजकोटचा. तिथल्या एका कारखान्यात वाळूच्या साच्यात माझा पाया ओतला, खांब घासून गुळगुळीत केला आणि सगळ्या अंगाला हिरवा रंग दिला. रंग वाळतो न वाळतो तोच मला ट्रकमध्ये चढवलं. दोन दिवसांनी मी भोपाळला बरखेड्यात उतरले. तिथे एका मोठ्या कारखान्याची प्रशिक्षण शाळा होती. नव्या कामगारांना आधी तिथे वर्षभर शिकवायचे आणि मग कारखान्यात पाठवायचे. त्या शाळेत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, माझी कायमची नेमणूक झाली.

तिथे मला अच्युतराव भेटले. अच्युतराव सगदेव मूळचे नागपूरचे. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी भोपाळला आले ते इथलेच झाले. मी आले तेव्हा ते शाळेत शिकवत होते. उंच, सडपातळ माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात ब्रश. तो ब्रश माझ्या टेबलावरचा लोखंडाचा कीस झाडायला असायचा. किसाला हात लावायचा नाही, तोंडाने फुंकायचं तर मुळीच नाही, असा त्यांचा दंडक होता. घरी ते शुद्ध मराठी बोलत आणि शाळेत भोपाळी हिंदी, आणि दोन्हीत सारखेच कडक होते.

रोज सकाळी त्यांचं एक काम ठरलेलं असे. शिकायला आलेले सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहत आणि दोन्ही हात पुढे करत. आधी तळवे, मग हात उलटे. शाळेत नखं तपासतात ना, अगदी तसं. अंगठी, कडं, घड्याळ, देवळातून बांधून आणलेला दोरा, काहीही दिसलं की ते निघालंच पाहिजे. भिंतीवर एक पत्र्याचा ट्रे टांगलेला होता, त्यात ते जायचं. सागर गावाकडचा एकजण एकदा मनगटावरचा लाल दोरा काढायला तयार होईना. देवाचा आहे म्हणाला. अच्युतराव म्हणाले, "भगवान कहीं नहीं जाएँगे. ट्रे में बैठे रहेंगे. शाम को वापस बाँध लेना." दुसरा एक हुशारी करून हातमोजे घालून आला, तेव्हा त्याला म्हणाले, "मशीन दस्ताने को पकड़ेगी और दस्ताना तुमको. उतारो."

कारण असं, मित्रांनो, की मी मिनिटाला शेकडो वेळा फिरते. माझ्या बिटाला एक धागा लागला तरी तो धागा मी गुंडाळते. धाग्याला हात बांधलेला असला तर हातसुद्धा गुंडाळते. मला थांबता येत नाही. माझं बटण माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. हे एवढं एक वाक्य अच्युतराव वर्षभर वेगवेगळ्या शब्दांत शिकवत. लोखंडाची पट्टी हाताने न धरता शिकंज्यात, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, घट्ट आवळायची. चक आवळायची चावी आधी काढून खिशात टाकायची, मगच बटणाकडे हात न्यायचा. बंद केल्यावर चक आपोआप थांबू द्यायचा, तळव्याने अडवायला जायचं नाही. पायात चपला नकोत, केस मोकळे नकोत, डोळ्यांवर चष्मा हवाच.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मला झेंडूचा हार घालत. दांडीला लाल नाडा बांधत, पायाशी नारळ फोडत. तो दिवस मला फार आवडायचा. नटायला कोणाला आवडत नाही? पण आरती संपली रे संपली की अच्युतराव स्वतः पुढे होऊन हार काढायचे, नाडा सोडायचे. बाकीचे कुरकुरायचे, निदान आजचा दिवस तरी राहू द्या म्हणायचे. ते ऐकत नसत. त्यांच्या त्या शाळेत माझ्यावर वीस-बावीस वर्षांत शेकडो जण शिकले आणि कोणाच्या बोटाला साधा टाकाही पडला नाही. बाहेरून पाहुणे आले की शाळेचे साहेब त्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणून हे सांगायचे. मी त्या वेळी बंद असायचे, तरी आतून घूं-घूं करत असल्यासारखं मला वाटायचं.

पुढे नव्या मशिनी आल्या आणि आम्हा जुन्यांचा लिलाव झाला. अच्युतरावही त्याच सुमारास निवृत्त झाले. बरखेड्यातलं क्वार्टर सोडून त्यांनी अवधपुरीत छोटं घर बांधलं होतं. लिलावात त्यांनी मला घेतलं आणि घराच्या बाजूच्या शेडमध्ये, स्कूटरच्या शेजारी उभं केलं. त्यांच्या पत्नी नलिनीबाई म्हणाल्या, "लोक निवृत्त झाल्यावर बाग करतात. तुम्ही सवत आणलीत." पण आठवडाभराने स्वयंपाकघरात भांड्यांची लोखंडी मांडणी तयार झाली आणि मग त्यांचा माझ्यावरचा राग निवला.

मित्रांनो, ती माझी सोन्याची वर्षं होती. शेजाऱ्यांच्या फाटकांच्या बिजागऱ्या, झोपाळ्यांच्या कड्या, कूलरचे स्टँड, काय काय केलं आम्ही दोघांनी. दांडीची मूठ त्यांच्या उजव्या तळव्याने घासून घासून एका जागी चकाकायला लागली होती. त्यांचा हात कसा होता सांगू? घाई नव्हती त्या हाताला. बिट लोखंडाला टेकलं की ते किंचित थांबत, माझा आवाज ऐकत आणि मगच दाब वाढवत. तसा दाब मला पुन्हा कोणी दिला नाही.

आता तो दिवस सांगते.

अच्युतरावांना एक धाकटी बहीण आहे, सुशीलाबाई. त्या नागपूरला राहायच्या. त्यांच्या यजमानांचं मोठं आजारपण झालं, त्यात सहा वर्षं त्यांना भोपाळला येता आलं नव्हतं. यजमान गेले. त्यानंतर आठ महिन्यांनी राखी पौर्णिमा आली आणि सुशीलाबाई भावाला राखी बांधायला म्हणून नागपूरहून एकट्या आल्या. येताना जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी झोपाळ्याची एक लोखंडी पट्टी आणली होती. तिची दोन्ही भोकं झिजून मोठी झाली होती आणि झोपाळा वर्षभर नुसताच टांगून होता. यजमान असते तर त्यांनी करून घेतलं असतं, असं त्या म्हणाल्या. अच्युतरावांनी ते वाक्य पुरतं होऊ दिलं नाही. पट्टी उचलली आणि म्हणाले, "आण इकडे. चहा होईपर्यंत देतो करून."

शेडमध्ये येऊन त्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली. मग त्यांचा हात राखीकडे गेला. चांगली रुंद राखी होती ती. रेशमी दोरा, जरीचा गोंडा, खाली लोंबणाऱ्या दोन लांब लडी. सुशीलाबाई दारात उभ्या होत्या.

"दादा, राखी काढून राहिलास?" त्या म्हणाल्या. "आत्ता तर बांधली. गोकुळाष्टमीपर्यंत काढायची नसते रे."

अच्युतरावांनी बहिणीकडे पाहिलं. तिच्या कपाळाकडे पाहिलं, ते मोकळं होतं. आणि ज्या माणसाने हजार हातांवरचे दोरे उतरवले होते, त्याने आपला हात खाली घेतला. "राहू दे," म्हणाले, "दोनच तर भोकं आहेत."

पहिलं भोक व्यवस्थित पडलं. दुसऱ्याच्या वेळी बिट तापलं, म्हणून त्यांनी डाव्या हाताने दांडी धरली आणि उजव्या हाताने तेलाचा थेंब सोडायला कुपी जवळ नेली. लडी बिटाला लागली. पुढचं मी सांगत नाही. मी थांबू शकत असते तर थांबले असते, एवढंच सांगते. त्यांनीच कसंबसं डाव्या हाताने बटण बंद केलं. सुशीलाबाई तोपर्यंत चहा पाहायला आत गेल्या होत्या. त्या धावत आल्या तेव्हा त्यांना फक्त रक्त दिसलं.

"काय झालं? काय झालं रे दादा?"

अच्युतराव पांढरेफटक पडले होते. तरी त्यांनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मशीन खराब झाली. स्विच अडकलं."

त्यांचा हात वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात असताना नलिनीबाई एकट्या शेडमध्ये आल्या. त्यांनी आधी भिंतीतला प्लग काढला. मग माझ्या बिटाभोवती गुंडाळलेले जरीचे धागे कात्रीने कापून एकेक करत काढले, पदराच्या टोकात बांधले आणि कोणाला काही न बोलता आत गेल्या. संध्याकाळी फुलाफुलांची एक जुनी चादर आणून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं.

आणि तेव्हापासून, मित्रांनो, मी बदनाम झाले. गल्लीतली मुलं शेडपाशी आली की त्यांच्या आया ओरडायच्या, "उधर मत जाना, वो हाथ काटने वाली मशीन है." खरं सांगते, मला राग आला. फार राग आला. तोवर इतक्या वर्षांत मी कोणाला ओरखडा काढला नव्हता. स्विच तर माझं असं होतं की एका बोटाने चालू आणि एका बोटाने बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं माझं झालं होतं. पण मग महिन्यातून एकदा अच्युतराव यायचे. चादर वर करायचे आणि डाव्या हाताने, सांडत-लवंडत, माझ्या खांबाला तेल द्यायचे. भंगारवाला गल्लीत ओरडत आला की दरवेळी बाहेर जाऊन त्याला नाही म्हणायचे. ते माझ्याशी एक शब्द बोलत नसत. बटणाला तर हातच लावत नसत. तेल देऊन झालं की ताठ बोटांचा तो हात दांडीच्या चकाकत्या जागेवर थोडा वेळ ठेवायचे आणि चादर खाली सोडून निघून जायचे. मी पुढचा सगळा महिना त्यावर काढायचे. अशी बारा वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी सुशीलाबाई कायमच्या भावाकडे राहायला आल्या. नागपूरच्या घराचा खालचा भाग त्यांनी शंकर नावाच्या एकाला भाड्याने दिला आहे. तो तिथे ग्रिल आणि फाटकं बनवतो. सुशीलाबाईंना तो बहीण मानतो. इथे आल्यावर त्या शेडवरून जाताना रोज माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ह्या अवदसेनं माझ्या दादाचा हात खाल्ला. घरात कशाला ठेवली आहे कोण जाणे." अच्युतराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

गेल्या वर्षी अच्युतरावांच्या मुलीने, योगिनीने, शाळेतली नोकरी सोडली. ती चाळिशीची आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते. शाळेत ती मुलांना हस्तकला शिकवायची. आता तिला कुंड्या ठेवायचे लोखंडी स्टँड बनवून विकायचे होते. तिने वडिलांना विचारलं, "बाबा, मशीन दुरुस्त करून घेऊ का?"

"ती खराब आहे," अच्युतराव म्हणाले.

"म्हणून तर दुरुस्त म्हणते आहे."

योगिनीने मोहन नावाच्या इलेक्ट्रिशियनला आणलं. त्याने चादर काढली, मला उघडलं, तारा तपासल्या, पट्टा बदलला आणि प्लग लावला. बारा वर्षांनी मी फिरले. मोहनने पन्नासदा तरी बटण दाबून पाहिलं असेल. "अंकल," तो म्हणाला, "इसमें तो कुछ खराबी है ही नहीं. आप बोल रहे थे स्विच अटकता है. कहाँ अटकता है?"

अच्युतराव दारात खुर्ची टाकून बसले होते. नलिनीबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी खरं बोलतील. मी सर्वांगाचे कान करून ऐकत होते.

"कभी-कभी अटकता था," ते म्हणाले.

"तो फिर नया डाल देता हूँ. मन को तसल्ली हो जाएगी." मोहनने चांगलं स्विच काढून नवं बसवलं. माझ्यावरचा आळ आता पक्का झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांना वाटलं की धोका टळला.

रविवारी सकाळी योगिनी कामाला आली. तिचा पहिलाच दिवस होता. खरं तर तिने सगळं नीट केलं होतं. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा, ओढणी घरीच ठेवलेली. पट्टी शिकंज्यात आवळली, चावी काढून खिशात टाकली. मी मनात म्हटलं, बापाची मुलगी आहे. इतक्यात सुशीलाबाई आल्या. आदल्याच दिवशी त्या शेजारणींबरोबर सलकनपूरच्या देवीला जाऊन आल्या होत्या. तिथून आणलेला लाल-पिवळा दोरा त्यांनी योगिनीच्या उजव्या मनगटाला बांधला. पाच वेढे दिले, दोन गाठी मारल्या आणि टोकं तशीच लोंबती ठेवली.

"नव्या कामाला हात घालतेस," त्या म्हणाल्या. "शंकरलाही मी दरवर्षी नागपूरला जाऊन बांधते. त्याचं दुकान बघ कसं चाललंय."

"आत्या, मशीनवर असताना काढून ठेवू का?"

"काढायचा नसतो गं. आपणहून गळून पडू द्यायचा. आणि आता कसली भीती? स्विच तर नवीन बसवलं ना?"

योगिनी हसली आणि माझ्याकडे वळली. तिने डावा हात दांडीवर ठेवला, वडिलांच्याच जागेवर, आणि उजवा हात बटणाकडे नेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधीच वाटली नाही. बारा वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होते तो आला होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नको, दाबू नकोस. माझी वीज गेली असती, माझा पट्टा तुटला असता, तर मी देवीला नारळ फोडला असता. पण मोहनने काम चोख केलं होतं.

दारातली खुर्ची करकरली. एकोणऐंशी वर्षांचे अच्युतराव इतक्या लवकर उठलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी योगिनीला हाक मारली नाही. सरळ भिंतीपाशी गेले आणि प्लग उपटला. योगिनीने बटण दाबलं, काहीच झालं नाही, आणि तिने वळून पाहिलं.

"बाबा? काय झालं?"

अच्युतरावांना धाप लागली होती. प्लगची वायर त्यांच्या हातात तशीच होती. "स्विच कधीच अडकलं नव्हतं," ते म्हणाले. "मोहन खरं सांगत होता. ह्या मशीनला तेव्हाही काही झालं नव्हतं."

मग सुशीलाबाईंनी विचारलं, "मग तेव्हा काय झालं होतं, दादा?"

ते हातातली वायर गुंडाळायला लागले. नलिनीबाई आतून आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सांगा आता. पुरे झालं."

"राखी अडकली, सुशी."

सुशीलाबाई भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. तुला मशीन काय असते ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. जन्मभर मी लोकांचे हात तपासले आणि त्या दिवशी माझा तपासला नाही. चूक माझी होती, आणि मी ती ह्या बिचारीवर ढकलली."

"मला का नाही सांगितलंस?"

"भाऊजी जाऊन आठ महिने झाले होते. तुला आणखी काय सांगायचं होतं?"

मला वाटलं त्या रडतील. नलिनीबाई पाणी आणायला वळल्याही होत्या. पण सुशीलाबाई रडल्या नाहीत, त्या चिडल्या. "अरे, मला वाचवायला गेलास," त्या म्हणाल्या, "आणि बारा वर्षं मी काय करत होते? ह्याच्या हाताला दोरा बांध, त्याच्या हाताला बांध, आणि वर ठणकावून सांग, काढू नका. आज पोरीचा हात गेला असता तर? तेव्हाही स्विचच म्हणाला असतास?" आणि एकदम त्या थांबल्या. त्यांचा चेहरा बदलला. "वहिनी, शंकरला फोन लाव."

नलिनीबाईंनी फोन लावून दिला. सुशीलाबाईंना फोनवर मोठ्याने बोलायची सवय आहे, त्यामुळे सगळी गल्ली ऐकत असणार.

"शंकर, मी ताई बोलते. दुकानात आहेस? मशीन चालू आहे? आधी बंद कर, मग बोल. केलीस? हाताला मी बांधलेला दोरा आहे ना, तो काढ. काप. हो, कापला तरी चालतो, मी सांगते ना. आणि दुकानातल्या सगळ्यांचे काढ. काय झालं म्हणजे?" त्यांनी भावाच्या ताठ बोटांकडे पाहिलं. "माझ्या दादाचा हात मशीनने नाही खाल्ला रे. मी बांधलेल्या राखीने गेला. हो. माझ्याच. आता सगळ्यांना हेच सांगत जा."

फोन ठेवून त्यांनी योगिनीचा हात ओढून घेतला. गाठी सुटेनात. मग त्यांनी दाताने सोडवल्या, दोरा घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "हं. आता कर तुझं काम."

अच्युतरावांनी प्लग लावला. योगिनीने बटण दाबलं आणि मी फिरले. तिचा हात अजून कच्चा आहे. दाब एकदम देते, माझा आवाज ऐकत नाही. पण पहिलं भोक अगदी मधोमध पडलं. सुशीलाबाईंनी माझी माफी वगैरे मागितली नाही. मशीनची माफी कोण मागतं? मात्र दुसऱ्या दिवशी फुलाफुलांची ती चादर फाडून त्यांनी तिची पायपुसणी केली. मला तेवढं पुरलं.

मित्रांनो, मशिनीची काळजी घ्या असं आम्ही जुनी यंत्रं नेहमीच सांगतो. तेल द्या, धूळ झाडा, गंज लागू देऊ नका. ते करालच. पण माझं मागणं थोडं निराळं आहे. कधी चूक झाली, हात कापला, डोळ्यात कीस उडाला, तर ते नेमकं कशाने झालं हे पुढच्या माणसाला खरं सांगा. लाज वाटली तरी सांगा, कोणाला वाईट वाटेल म्हणून लपवलंत तर जास्तच वाईट होईल. तुमच्या खोट्याने माझी बदनामी झाली तर मी सोसेन, मी लोखंडाची आहे. पण खरं कारण जर कोणाला कळलंच नाही, तर पुढचा हात कोण वाचवणार?

योगिनी आता रोज सकाळी येते. अच्युतराव दारात खुर्ची टाकून बसतात आणि तिला म्हणतात, दाब हळू दे, तिचा आवाज ऐक. ती म्हणते, तुम्हीच दाखवा ना एकदा. ते मान हलवतात, उठत नाहीत. मी सबंध सकाळ लोखंडाला भोकं पाडत असते, आणि माझं सगळं लक्ष त्या खुर्चीकडे असतं.